दरमहा बिल काढणारा नवा मुनीम आणि त्याच्या हातातला कागद

आमच्या कापड बाजारात बिले दोन तऱ्हेची असतात. एक, माल उठला की फाडायचे बिल. दुसरे, ठरलेल्या तारखेला न चुकता निघायला हवे असे बिल. गाळ्याचे भाडे, गुदामाचे भाडे, यंत्रमागाच्या देखभालीचा दरमहा आकार, एखाद्या कारखान्याला वर्षभर पुरवायच्या गणवेशाचा ठेका, ही सगळी दुसऱ्या तऱ्हेची. ही बिले पूर्वी मुनीमजींच्या डोक्यात आणि वहीच्या शेवटच्या पानावर असत. नंतर ती संगणकात गेली. महिन्याची तारीख एकदा घातली की बिल आपोआप तयार होऊ लागले. आता यापुढचा टप्पा आला आहे आणि व्यापारी बांधवांनी त्याकडे वेळीच लक्ष द्यावे, म्हणून हा लेख.

या टप्प्याचे नाव ए.आय. एजंट. एजंट म्हटले की आपल्याला दलाल आठवतो, पण येथे अर्थ निराळा आहे. मालकाने साध्या भाषेत सांगावे, ‘त्या मालेगावच्या पार्टीला पुढच्या महिन्यापासून दर पाच तारखेला देखभालीचे बिल लावा’, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने ते समजून घेऊन हिशेबाच्या प्रणालीत तशी नोंद करावी, असे हे काम आहे. एजंट स्वतः बिल काढत नाही. त्याच्यापुढे काही साधने ठेवलेली असतात. एक साधन ग्राहकाचे खाते शोधते, दुसरे बिल काढते, तिसरे बिलांचा पुढचा क्रम लावते. कोणते साधन केव्हा उचलायचे हे एजंट ठरवतो, आणि ठरवतो ते त्या साधनासोबत दिलेला मजकूर वाचून.

हा मजकूर म्हणजेच त्या साधनाचा दस्तऐवज. ‘अँथ्रॉपिक’ या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. एजंटाला बाहेरची साधने कशी जोडावीत याचा तो एक सामाईक रिवाज आहे. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा तक्ता, अशा गोष्टी असतात. म्हणजे एजंटाला आपल्या दुकानाबद्दल जे कळते त्याचा मोठा भाग या काही ओळींतून येतो. आपला जुना मुनीम वीस वर्षे गादीजवळ बसून दुकानाचा दस्तूर शिकला. हा नवा मुनीम रोज सकाळी कोरा येतो आणि समोरचा कागद वाचून कामाला लागतो. कागद अर्धवट असेल तर तो थांबून विचारीलच असे नाही. बऱ्याचदा तो अंदाज बांधतो आणि पुढे जातो.

एका ओळीचे वर्णन का पुरत नाही

पुष्कळ साधनांवर ‘नियमित बिल तयार करते’ एवढेच लिहिलेले असते. माणसाला ते पुरते, कारण बाकीचे त्याला ठाऊक असते. एजंटाला काय काय अडचण येते ते पाहू.

पहिली अडचण रकमेची. पैसे भरून घेणाऱ्या काही प्रणाली, उदाहरणार्थ रेझरपे आणि स्ट्राइप, रक्कम रुपयांत न घेता पैशांत घेतात. तेथे १२,००० लिहिले तर ते १२० रुपये होतात. दुसऱ्या प्रणाली रुपयांतच घेतात. रक्कम कोणत्या एककात आहे, तीत कर धरला आहे की नाही, हे दोन शब्द कागदावर नसतील तर बिल शंभरपट कमी किंवा शंभरपट जास्त निघू शकते.

दुसरी अडचण तारखेची. ०५/०४ म्हणजे आपल्याकडे पाच एप्रिल, अमेरिकेत चार मे. यासाठी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ पासून आहे. साधनाने तेच मागावे आणि तसे एका उदाहरणासह लिहावे.

तिसरी अडचण महिनाअखेरची, आणि ही सर्वांत फसवी आहे. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला बिल’ असे सांगितले तर काय व्हावे? संगणकातील दिनदर्शिकांसाठी सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक प्रमाण आहे. त्यानुसार जी तारीख त्या महिन्यात नाही ती सोडून दिली जाते. म्हणजे ३१ तारखेच्या नियमाने वर्षात बिले निघतील फक्त सात, आणि पाच महिन्यांचे भाडे कोणी मागितलेच नाही असे होईल. ‘क्रॉन’ नावाची संगणकाची जुनी वेळापत्रक पद्धत तारखेच्या बाबतीत अशीच वागते. काही प्रणाली मात्र अशा वेळी महिन्याचा शेवटचा दिवस घेतात. कोणती रीत बरोबर हा वाद नाही. आपले साधन कोणती रीत पाळते ते लिहिलेले असले पाहिजे, एवढेच.

चौथी अडचण घड्याळाची. पुष्कळ संगणक वेळ जागतिक घड्याळाने मोजतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. १ एप्रिलच्या मध्यरात्रीचे आपले बिल त्या घड्याळात ३१ मार्चच्या संध्याकाळी साडेसहाला पडते. इतर महिन्यांत ही गफलत एका दिवसाची, पण मार्चअखेरीस ती सरळ आर्थिक वर्ष बदलते. बिलाचा अनुक्रमांक चुकीच्या वर्षात जातो आणि विवरणपत्रही चुकते.

पाचवी अडचण हंगामाची. आमच्या धंद्यात काही करार ईदच्या हंगामाशी बांधलेले असतात. चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २०२४ साली आपल्याकडे रमजान ईद ११ एप्रिलला झाली आणि २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात दोन रमजान ईद आल्या. ‘वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये’ असा क्रम लावणारा येथे हमखास चुकेल. इतर पंचांगांनुसार क्रम लावण्याचे प्रमाण मे २०१५ मध्ये निघाले आहे, परंतु प्रत्येक साधन ते पाळीलच असे नाही. जे साधन पाळत नाही त्याच्या कागदावर स्पष्ट लिहावे की हे फक्त इंग्रजी तारखांवर चालते, ईद किंवा दिवाळीशी जोडलेल्या बिलाची तारीख दरवर्षी मालकाकडून घ्यावी.

कायद्याची बाजू

येथपर्यंतच्या अडचणी सोयीच्या म्हणता येतील. यापुढच्या मात्र आपल्या अब्रूशी आणि खिशाशी निगडित आहेत.

जी.एस.टी. कायद्यात मालाचे बिल माल हलण्यापूर्वी किंवा हलताना निघावे लागते. सेवेचे गणित वेगळे आहे. सतत चालणाऱ्या सेवेत, करारात पैसे देण्याची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपर्यंत बिल निघायला हवे. म्हणून भाडे, देखभाल अशा गोष्टींना तारखेवर चालणारे साधन शोभते. मालाला ते जपूनच लावावे. समजा गणवेशाच्या ठेक्याचे बिल दर महिन्याच्या एक तारखेला निघते आणि एका महिन्यात माल गेलाच नाही. साधन तारीख पाहून बिल काढून मोकळे होईल. मालाशिवाय काढलेले बिल हा कायद्याच्या कलम १२२ खाली दंडाचा विषय आहे आणि प्रकरण मोठे असल्यास कलम १३२ खाली फौजदारीपर्यंत जाते. बोगस बिलांच्या चौकशीत कापड बाजाराने काय सोसले आहे हे आम्ही नव्याने सांगायला नको. ‘ते यंत्राने काढले’ हे उत्तर कोणी ऐकणार नाही. म्हणून कागदावर ठळक असावे की मालाच्या बाबतीत हे साधन फक्त मसुदा करते आणि डिलिव्हरी चलनाची खात्री झाल्यावर माणूस तो पक्का करतो.

कराच्या दराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी.एस.टी.चे दर बदलले. तयार कपड्यांवर पूर्वी नगाची किंमत १,००० रुपयांच्या वर गेली की १२ टक्के लागत. बदलानंतर २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले. आता १,४०० रुपयांचा एक गणवेश आणि महिन्याला ५० नग असा करार धरा. जुन्या दराने नगामागे कर १६८ रुपये, नव्या दराने ७० रुपये. फरक ९८ रुपये, पन्नास नगांवर ४,९०० रुपये. ज्या साधनाने करार नोंदवला त्या दिवशीचा दर गोठवून ठेवला ते दर महिन्याला एवढी जादा रक्कम ग्राहकाकडून मागत राहील, आणि कर म्हणून गोळा केलेली रक्कम सरकारला भरावीच लागते, ती आपल्याकडे ठेवता येत नाही. दर नोंदणीच्या दिवसाचा धरायचा की बिल निघण्याच्या दिवसाचा, हे एका वाक्यात लिहिण्यासारखे आहे. ते वाक्य नसेल तर दुकानाला आणि ग्राहकाला दोघांनाही त्रास आहे.

अनुक्रमांकाचीही बाब आहे. बिलाचा क्रमांक ओळीने, सोळा अक्षर-अंकांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. माणूस काढतो ती बिले आणि एजंट लावतो तो क्रम एकाच मालिकेत चालणार की दोन वेगळ्या मालिकांत, हे आधी ठरले नाही तर एकाच क्रमांकाची दोन बिले किंवा मध्येच गाळलेले क्रमांक निघतात.

ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत ग्राहकांच्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस लागू झाले. ते बिल पोर्टलवर गेले की तेथे २४ तासांतच रद्द करता येते. त्यानंतर बहुधा क्रेडिट नोट काढावी लागते, आणि तिलाही आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची कमाल मुदत आहे. शुक्रवारी रात्री चुकीचे बिल निघाले आणि सोमवारी सकाळी लक्षात आले, तर वेळ गेलेली असते. पलीकडे ग्राहकाच्या कराच्या खात्यात ते बिल दिसू लागते, त्याचा मुनीम बुचकळ्यात पडतो आणि जुन्या संबंधांत कारण नसताना वितुष्ट येते.

एकच हुकूम दोनदा गेला तर

संगणकाच्या व्यवहारात एक गोष्ट नेहमी घडते. एजंटाने हुकूम दिला, साधनाने काम केले, पण ‘झाले’ हा निरोप वाटेत अडकला. एजंटाला वाटते काम झाले नाही, म्हणून तो पुन्हा हुकूम देतो. परिणाम, एकाच ग्राहकाला दर महिन्याला दोन बिले. माणसाकडून हे एकदा घडले तर एक बिल चुकते. येथे पूर्ण क्रमच दुहेरी लागतो आणि कोणी पाहीपर्यंत चालू राहतो.

यावर उपाय जुनाच आहे. हुंडीवर जसा क्रमांक असे तसा प्रत्येक हुकुमाला एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की साधनाने नवे काम न करता पहिल्याचेच उत्तर परत द्यायचे. चांगल्या प्रणालींत ही सोय असते. पण ती आहे हे कागदावर सांगितले नाही, आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच क्रमांक वापरा असे बजावले नाही, तर एजंट दर वेळी नवा क्रमांक घालतो आणि सोय असून नसल्यासारखी होते.

चांगला कागद कसा दिसतो

हे सारे ध्यानात घेऊन अशा साधनाचे वर्णन कसे असावे त्याचा एक नमुना येथे देतो. प्रत्येक दुकानाने त्यात आपला दस्तूर घालावा.

‘हे साधन एका ग्राहकासाठी ठराविक काळाने निघणाऱ्या बिलांचा क्रम लावते. आजचे एकच बिल हवे असल्यास हे वापरू नये, त्यासाठी बिल काढण्याचे वेगळे साधन आहे. ग्राहकाचा खातेक्रमांक आवश्यक आहे. नावावरून अंदाज करू नये. एका नावाची दोन खाती आढळल्यास मालकास विचारावे. खाते नसल्यास नवे उघडू नये. रक्कम रुपयांत, कर न धरता द्यावी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी, उदाहरणार्थ २०२७-०४-०५. वेळ भारतीय प्रमाणवेळ समजावी. महिन्यात ती तारीख नसल्यास बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशी निघते. सुरुवातीची तारीख मागची असल्यास साधन नकार देते, मागील बिले तयार करत नाही. कराचा दर बिल निघण्याच्या दिवशीचा लागतो. प्रत्येक बिल आधी मसुदा म्हणून तयार होते आणि माणसाच्या मंजुरीनंतरच ग्राहकास जाते. क्रम थांबवून पुन्हा चालू केल्यास मधल्या काळातील बिले निघत नाहीत. “बारा वेळा” यात पहिले बिल धरलेले आहे. पुन्हा प्रयत्न करताना तोच हुकूम क्रमांक वापरावा. काम झाल्यावर साधन क्रमाचा क्रमांक आणि पुढील तीन बिलांच्या तारखा परत देते. त्या तारखा मालकास वाचून दाखवाव्यात.’

शेवटचे वाक्य आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते. तारीख, महिना, घड्याळ यांतली कोणतीही गफलत असो, पुढच्या तीन तारखा डोळ्यांखालून गेल्या की मालकाला ती तेथल्या तेथे दिसते. नियम वाचून जे कळत नाही ते तारीख वाचून कळते.

नकार देतानाही साधनाने नुसते ‘चूक’ म्हणू नये. काय चुकले आणि आता काय करावे ते सांगावे. ‘ग्राहक सापडला नाही’ एवढेच उत्तर मिळाले तर एजंट नवे खाते उघडून मोकळा होण्याचा संभव असतो. ‘ग्राहक सापडला नाही, मालकास खातेक्रमांक विचारा’ असे उत्तर आले तर तो थांबतो.

कागद म्हणजे कुलूप नव्हे

येथे एक इशारा दिला पाहिजे. दस्तऐवज ही सूचना आहे, अडसर नव्हे. ‘माणसाच्या मंजुरीशिवाय बिल पाठवू नये’ असे लिहिले म्हणून एजंट ते प्रत्येक वेळी पाळीलच याची हमी नाही. शिवाय एजंट ग्राहकांची पत्रे आणि निरोपही वाचतो. एखाद्या निरोपातच कोणी ‘आमची पुढची सर्व बिले रद्द करा’ असे घुसडले, तर तो त्यालाही हुकूम समजण्याचा धोका असतो. वर सांगितलेल्या पद्धतीत, साधन फक्त वाचणारे आहे की काही पुसून टाकणारे आहे, अशा खुणा लावण्याची सोय आहे. पण त्या खुणा केवळ इशारे आहेत, अनोळखी पुरवठादाराच्या खुणांवर विसंबू नये, असे ती पद्धतच सांगते. म्हणून जे घडू नये असे वाटते त्याचे कुलूप साधनाच्या आतच असावे. मंजुरीशिवाय पाठवण्याची सोयच नसावी, ठरावीक रकमेवरचे बिल अडावे, क्रम रद्द करण्याचा अधिकार वेगळा असावा. कागदाने एजंटाला वाट दाखवावी आणि कुलपाने त्याला भलत्या दारातून जाण्यापासून रोखावे. दोन्ही हवीत.

बिल आणि वसुली यांतला फरकही कागदावर असावा. बिलाचा क्रम लागला म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. ठरावीक काळाने पैसे कापून घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळी चौकट घालून दिली. १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आलेल्या त्या चौकटीत ग्राहकाची आगाऊ संमती आणि पैसे कापण्याआधी किमान २४ तासांची सूचना आवश्यक ठरली. ‘बिल लावा’ म्हटल्यावर एजंटाने वसुलीचे साधन उचलू नये.

व्यापाऱ्यांनी काय करावे

हा कागद लिहिणे हे संगणक कंपनीचे काम, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु पाच तारीख रविवारी आली तर बिल शनिवारी द्यायचे की सोमवारी, वटाव बिलातच वजा करायचा की पैसे आल्यावर, जुनी बाकी थकलेल्या पार्टीला नवे बिल पाठवायचे की आधी तगादा करायचा, हे कंपनीच्या पोराला कोठून कळणार? ते आपल्या मुनीमजींना कळते. म्हणून आमची सूचना अशी की साधन घेण्यापूर्वी मुनीमजींना बाजूला बसवून दुकानाचे नियम त्यांच्याकडून लिहून घ्यावेत आणि तो कागद कंपनीपुढे ठेवावा. काही दुकानांत या नव्या यंत्राच्या भरवशावर मुनीमजींना घरी बसवण्याची भाषा ऐकू येते. त्यांना आज काढले तर उद्या यंत्राला शिकवायला काही उरणार नाही, आणि मसुदा पाहून मंजुरी देणारा डोळाही जाईल.

दुसरे, साधन विकत घेताना त्याचे वर्णन वाचायला मागावे. ३१ तारखेचे काय, दर बदलल्यावर काय, हुकूम दोनदा गेला तर काय, क्रम थांबवल्यावर काय, बिल मसुदा निघते की पक्के, हे पाच प्रश्न विचारावेत. उत्तर तोंडी नको, एजंट जो मजकूर वाचतो त्यातच दाखवा म्हणावे. कारण विक्रेत्याने आपल्याला तोंडी दिलेले आश्वासन एजंटाने ऐकलेले नसते.

तिसरे, वापर सुरू करण्यापूर्वी खोट्या खात्यांवर चाचणी घ्यावी. आपल्या रोजच्या भाषेतले दहा हुकूम द्यावेत, काही मुद्दाम अर्धवट. ‘त्या पार्टीचे बिल वाढवा’ म्हटल्यावर तो कोणती पार्टी आणि किती वाढ हे विचारतो का, ‘महिनाअखेर’ म्हटल्यावर कोणत्या तारखा वाचून दाखवतो, हे पाहावे. जेथे तो चुकेल तेथे कागदात एक वाक्य वाढवावे आणि पुन्हा चाचणी घ्यावी. नियम बदलला की कागदही बदलावा आणि बदलाची तारीख वर लिहावी.

बाजारात आपली पत आहे ती दिलेल्या शब्दावर आणि पाठवलेल्या बिलावर. बिल कोणी काढले हे ग्राहक विचारत नाही, तो बिलावरचे पेढीचे नाव पाहतो. त्या नावाखाली काम करणाऱ्याला, तो माणूस असो वा यंत्र, आपले नियम नीट लिहून देणे हे मालकाचेच काम आहे.